रेमडेसिवीर की डेक्सा? नव्या साथीत जुनी औषधं कशी निवडतात आणि गाडी कुठे घसरते

एप्रिल २०२१ चे दिवस राज्यातला कुठलाच तालुका विसरलेला नाही. ग्रामीण रुग्णालयात बेड नाही, सिव्हिलला ऑक्सिजनची वानवा आणि नातेवाइकांच्या हातात एकच शब्द लिहिलेला कागद : रेमडेसिवीर. त्या एका इंजेक्शनसाठी माणसं तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला धावली. कुणी दागिने गहाण ठेवले, कुणी दावणीची जनावरं विकली. केंद्र सरकारने ११ एप्रिलला निर्यात थांबवली. १७ एप्रिलला कंपन्यांनी एका कुपीची किंमत साडेतीन हजारांच्या आत आणली. वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती गेलं. तरीही काळा बाजार थांबला नाही. बारामतीत तर रिकाम्या कुप्यांमध्ये पॅरासिटामॉलचं औषध भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली.

त्याच वेळी, त्याच वॉर्डात दुसरं एक इंजेक्शन दिलं जात होतं. डेक्सामेथासोन, म्हणजे डॉक्टर-नर्सच्या बोलीतलं ‘डेक्सा’. काही रुपयांना मिळणारं. त्याच्यासाठी कुठे रांग नव्हती. ऑक्सिजनवरच्या रुग्णाचा जीव वाचतो याचा सगळ्यात ठोस पुरावा मात्र याच औषधाचा होता. रेमडेसिवीरने मृत्यू कमी झाल्याचं दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या सहा महिने आधी जाहीर केलेलं होतं.

मग ज्याचा पुरावा कच्चा त्याच्यामागे लोक का धावले? आणि मुळात एखादा रोग नवाच असेल, तर त्याला कुठलं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतात तरी कशावरून?

रोग नवा, औषधं जुनी

नवं औषध शून्यातून तयार करायला बहुतेक वेळा दहा-बारा वर्षं जातात. साथ तेवढी थांबत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ आधी कपाटातली जुनी औषधं धुंडाळतात. ज्यांचा डोस माहीत आहे, दुष्परिणाम माहीत आहेत आणि कारखान्यात जी आधीपासून बनतात, अशी.

कपाटात हात घालताना पहिला प्रश्न असतो, हा विषाणू कुणाच्या घराण्यातला? जानेवारी २०२० मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची जनुकीय माहिती खुली केली आणि तो कोरोना घराण्यातला असल्याचं जगाला कळलं. या घराण्यातल्या दोघांनी आधीच दणका दिलेला होता. २००२-०३ मध्ये चीन, हाँगकाँगमध्ये पसरलेला सार्स आणि २०१२ पासून अरबस्तानात दिसलेला मर्स. या दोघांवर प्रयोगशाळेत, उंदरांवर आणि काही प्रमाणात माणसांवर कोणती औषधं वापरली गेली, याचे कागद उपलब्ध होते. तिथूनच यादी तयार झाली.

कधी कधी अशी यादी थेट कामाला येते. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा तसंच झालं. भारतातला पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि राज्यभर टॅमिफ्लू हे नाव घराघरांत पोचलं. हे औषध फ्लूसाठीच बनवलेलं, १९९९ पासून वापरात असलेलं. स्वाइन फ्लूचा विषाणू त्याच घराण्यातला. साथ सुरू झाल्या झाल्या प्रयोगशाळांनी नव्या विषाणूवर जुनी औषधं लावून पाहिली. टॅमिफ्लू चालतं आणि अमँटाडिन हे आणखी जुनं औषध चालत नाही, हे काही दिवसांतच सांगता आलं. (टॅमिफ्लूचा फायदा तरी किती? २०१४ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मोठ्या माणसांचा फ्लूचा त्रास सरासरी एका दिवसाहूनही कमी वेळाने घटतो असं निघालं. म्हणजे तेही काही रामबाण नव्हतं.)

कोरोनाचं तसं नव्हतं. या घराण्यासाठी मंजूर झालेलं एकही औषध जगात नव्हतं. सार्स आला आणि गेला, आणि त्यावरचं संशोधन बऱ्याच ठिकाणी अर्ध्यावरच थांबलं. हातात होते ते इशारे, आणि इशाऱ्यावर विसंबून कुठपर्यंत जायचं यातच सगळा घोळ झाला.

माकडाच्या किडनीत चाललं, माणसाच्या फुप्फुसात नाही

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचंच घ्या. क्लोरोक्विन हे हिवतापाचं औषध जर्मनीत १९३४ मध्ये तयार झालं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा त्याचाच भाऊ. संधिवाताचे रुग्ण आजही ते घेतात. सार्सनंतर, २००४-०५ च्या सुमारास, क्लोरोक्विन प्रयोगशाळेत सार्सच्या विषाणूला रोखतं असं दिसलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानच्या शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूवर तेच करून पाहिलं आणि ताटलीतल्या पेशींमध्ये विषाणू थांबला.

इथे ‘ताटली’ हा शब्द महत्त्वाचा. प्रयोगशाळेत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या ताटलीत पेशी वाढवतात, त्यांत विषाणू सोडतात आणि वरून औषध घालतात. ताटलीत तर साबणाचं पाणीही विषाणू मारतं. म्हणून साबणाचं पाणी कुणी सलाईनमधून चढवत नाही.

वुहानच्या प्रयोगातल्या पेशी होत्या आफ्रिकन माकडाच्या किडनीच्या. प्रयोगशाळेत त्या सोयीच्या पडतात, म्हणून जगभर वापरतात. पुढे जुलै २०२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर केला, तर औषध काहीच करेना. कारणही सापडलं. माकडाच्या त्या पेशींत विषाणू जणू मागच्या दाराने शिरतो आणि क्लोरोक्विन तेच दार अडवतं. फुप्फुसाच्या पेशींना पुढचं दार आहे, विषाणू तिथून सरळ आत जातो. मागच्या दाराला कुलूप लावून उपयोग काय?

जुन्या संशोधनात याचा इशाराही होता, हे विशेष. क्लोरोक्विन ताटलीत फ्लूच्या विषाणूला रोखत होतं, डेंग्यूला रोखत होतं, चिकनगुनियालाही. माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा यातल्या एकाही रोगात ते उपयोगी ठरलं नव्हतं. हे सगळं छापून आलेलं होतं. घाईच्या त्या महिन्यात लोकांनी वाचलं ते ‘ताटलीत चाललं’ एवढंच.

मग मार्च २०२० मध्ये फ्रान्सहून एक अभ्यास आला. रुग्ण ३६. औषध दिलेले लवकर विषाणूमुक्त झाले असा दावा. मुळात औषध सुरू केलेले आणखी सहा जण होते, त्यांना हिशोबातून वगळलेलं होतं. त्यांतले तिघे आयसीयूत गेले होते आणि एक दगावला होता. नापास पोरांची नावं हजेरीपटावरून काढून शाळेचा निकाल शंभर टक्के लावावा, तसाच हा प्रकार. तो अभ्यास छापणाऱ्या मासिकाने अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला. पण तेव्हा, २०२० मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांपासून गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे त्याचाच बोलबाला झाला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २२ मार्च २०२० रोजी आरोग्य कर्मचारी आणि रुग्णाच्या घरातल्या माणसांना प्रतिबंध म्हणून या गोळ्या सुचवल्या. मेडिकलमधून साठा संपला आणि संधिवाताच्या रुग्णांना रोजची गोळी मिळेनाशी झाली.

जनावरांचं औषध माणसांना?

आयव्हरमेक्टिन हे नाव शेतकऱ्यांना नवं नाही. गोचीड, जंत, खरूज यांवर जनावरांचे डॉक्टर ते देतातच. माणसांसाठीही ते चांगलं औषध आहे. नागपूरसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत दिल्या जाणाऱ्या तीन औषधांपैकी एक तेच. ते शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. थोडक्यात, औषध नावाजलेलं. पण नावाजलेलं आहे ते कृमी-कीटकांवर.

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ताटलीत आयव्हरमेक्टिन टाकलं की दोन दिवसांत कोरोना विषाणू जवळजवळ संपतो. बातमी जगभर गेली. बातमीत एक हिशोब राहून गेला. ताटलीत औषधाचं जेवढं प्रमाण वापरलं होतं, तेवढं माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने पोचतच नाही. पन्नास पट किंवा त्याहूनही जास्त फरक पडतो. एक पंप औषध अख्ख्या पाझर तलावात ओतून किडी मरतील का, असा तो प्रश्न. आणि डोस पन्नास पट वाढवायचा म्हटला तर आधी माणसाच्याच मेंदूवर परिणाम होईल.

हा हिशोब शाळेतलं गणित येणाऱ्यालाही जमेल इतका साधा होता. तरी १० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना, लक्षणं असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच, चाचणीबाहेर हे औषध वापरू नका असा संघटनेचा सल्ला असल्याचं लोकांना आठवून दिलं. आयव्हरमेक्टिनच्या बाजूने सगळ्यात जोरदार आकडे देणारा इजिप्तमधला एक अभ्यास आकड्यांत गोलमाल आढळल्यावर जुलै २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. ब्राझीलमध्ये १३५८ रुग्णांवर नीट चाचणी झाली. औषध घेतलेल्यांत १४.७ टक्के आणि न घेतलेल्यांत १६.३ टक्के लोकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं किंवा तातडीच्या कक्षात बराच वेळ ठेवावं लागलं. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे फायदा सिद्ध झाला नाही.

भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दोन्ही सप्टेंबर २०२१ मध्ये वगळली गेली. तोवर दुसरी लाट ओसरून गेली होती.

सोडत का काढावी लागते

‘नीट चाचणी’ म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

समजा एका शेतकऱ्याने नवं खत आणलं. ते काळ्या कसदार रानात टाकलं आणि मुरमाड माळावर टाकलं नाही. काळ्या रानात पीक जोमदार आलं. श्रेय खताचं की जमिनीचं? कुणालाच सांगता येणार नाही. खरं कळायचं असेल तर एकाच रानात, सारख्याच पाण्यावर काही सऱ्यांना खत द्यायचं आणि काहींना नाही. कृषी विद्यापीठाच्या प्लॉटवर असंच करतात.

रुग्णांचंही तसंच. डॉक्टरांनी आपल्या मनाने ‘याला देऊ, त्याला नको’ केलं, तर तरणाताठा एकीकडे आणि शुगर असलेला म्हातारा दुसरीकडे जातो. म्हणून निवड डॉक्टरांच्या हाती ठेवत नाहीत. सरपंचपदाच्या आरक्षणाची जशी सोडत निघते, लहान मुलाला चिठ्ठी उचलायला लावतात, तशी इथे कॉम्प्युटर सोडत काढतो. कुणाला औषध अधिक नेहमीचे उपचार, कुणाला फक्त नेहमीचे उपचार. रुग्ण हजारोंनी घेतले की दोन्ही गटांत म्हातारे, तरुण, शुगरवाले, बीपीवाले आपोआप सारखे वाटले जातात. मग फरक पडला तर तो औषधाचाच म्हणता येतो.

कोरोनात अशा दोन मोठ्या चाचण्या मार्च २०२० मध्येच सुरू झाल्या. ब्रिटनमधली ‘रिकव्हरी’, जी ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेची ‘सॉलिडॅरिटी’. दुसरीत भारतही होता आणि भारतातल्या केंद्रांचं काम पुण्यात भोसरीला असलेल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने पाहिलं. जुन्या संशोधनातून निघालेली यादी या चाचण्यांनी एकेक करून तपासली. जुन्या संशोधनाचं खरं काम इथे संपतं. आधी कुठलं औषध तपासायचं एवढंच ते सांगू शकतं, रुग्णाला काय द्यायचं हे सोडत सांगते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा निकाल रिकव्हरीने ५ जून २०२० रोजी सांगितला. औषध दिलेले १५६१ आणि न दिलेले ३१५५. २८ दिवसांत पहिल्यांतले २७ टक्के दगावले, दुसऱ्यांतले २५ टक्के. उपयोग शून्य. त्याच सुमारास उलट्या दिशेचा एक घोटाळाही होऊन गेला. ९६ हजार रुग्णांच्या माहितीवरून हे औषध जीवघेणं आहे असं सांगणारा एक लेख नामांकित मासिकात आला आणि त्यावरून सॉलिडॅरिटीतली चाचणी काही दिवस थांबली. मग ती मूळ माहिती कुणाला दाखवायलाच कंपनी तयार होईना, आणि लेख दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. औषधाच्या बाजूने खोटं बोललं काय आणि विरोधात बोललं काय, नुकसान सारखंच.

इबोलात मागे पडलेलं इंजेक्शन

रेमडेसिवीर यादीत वरच्या नंबरवर होतं आणि ते रास्तच होतं. विषाणू शरीरात स्वतःच्या नकला काढतो. हे औषध ती नक्कल मध्येच तोडतं. कावीळ-सीसारख्या विषाणूंवरच्या संशोधनातून ते निघालं, नंतर इबोलासाठी वापरून पाहिलं. आफ्रिकेतल्या काँगोत इबोलाची साथ होती तेव्हा सोडत काढून चार उपचारांची चाचणी झाली. दुसरी दोन औषधं स्पष्ट सरस ठरली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये रेमडेसिवीर देणं थांबवलं गेलं. पण त्याच औषधाने २०१७ मध्ये ताटलीत सार्स, मर्स या दोन्ही विषाणूंना आणि उंदरांत सार्सला रोखलेलं होतं. माणसांना ते किती सुरक्षित आहे हे इबोलात कळलेलं होतं. म्हणून कोरोनात पहिली संधी त्याला मिळाली.

अमेरिकेने हजारभर रुग्णांवर चाचणी केली. बरं व्हायला १५ दिवसांऐवजी १० दिवस लागले. मृत्यू थोडे कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. मग ऑक्टोबर २०२० मध्ये सॉलिडॅरिटीचे आकडे आले : रेमडेसिवीर दिलेल्या २७४३ पैकी ३०१ दगावले, न दिलेल्या २७०८ पैकी ३०३. नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध वापरू नये असा सल्ला दिला. अमेरिकेने मात्र मंजुरी कायम ठेवली, आणि भारतातही ते ‘आपत्कालीन वापरा’साठी सूचनांत राहिलं : दवाखान्यात भरती असलेल्या, ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला, लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत. घरी अजिबात नाही.

गावात पोचलं ते वेगळंच. ‘रेमडेसिवीर मिळालं तर पेशंट वाचतो.’ एचआरसीटीचा स्कोअर जरा वाढला की कागदावर नाव लिहिलं जायचं. व्हेंटिलेटरवर गेलेल्या माणसाचा मुलगा सहा कुप्यांसाठी रात्रभर फोन लावत बसायचा.

संपूर्ण निकाल २०२२ मध्ये हाती आले तेव्हा चित्र जास्त नेमकं झालं. ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांत रेमडेसिवीर घेतलेले १४.६ टक्के दगावले, न घेतलेले १६.३ टक्के. म्हणजे थोडासा फायदा. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना काहीच फायदा नाही. आणि पहिल्या आठवड्यात, दवाखान्यात भरती व्हायच्या आधी, जोखमीच्या रुग्णांना तीन दिवस दिलं तर भरती व्हायची वेळ बरीच टळते असं दुसऱ्या एका चाचणीत दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपला सल्ला बदलला. सांगायचं ते एवढंच की औषध बोगस नव्हतं, वेळ चुकत होती.

ज्याच्याबद्दल ‘नको’ म्हणून लिहिलेलं, त्यानेच वाचवलं

आता डेक्साकडे येऊ. जुनं संशोधन किती फसवं असू शकतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुठल्या औषधाने दाखवलेलं नाही.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड. गेली साठेक वर्षं दमा, ॲलर्जी, सूज यांवर वापरात आहे. ते शरीराची प्रतिकाराची आग शांत करतं. संसर्ग झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती दाबायची म्हणजे चोर घरात असताना कुत्रा बांधून ठेवण्यासारखं, अशी साधी शंका कुणालाही येईल. सार्स, मर्स आणि फ्लूच्या जुन्या नोंदींतही स्टिरॉईड दिलेले रुग्ण जास्त दगावलेले किंवा विषाणू जास्त दिवस अंगात राहिलेला दिसत होता. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्येच सांगितलं, चाचणीबाहेर सरसकट स्टिरॉईड देऊ नका.

पण त्या जुन्या नोंदी सोडतीच्या नव्हत्या. स्टिरॉईड कुणाला दिलं गेलं होतं? जे आधीच जास्त सिरीयस होते त्यांना. १०८ ची ॲम्ब्युलन्स ज्या घरी जाते तिथे मृत्यूही जास्त होतात, म्हणून ॲम्ब्युलन्स माणसं मारते असं कुणी म्हणत नाही. इथे जवळपास तसंच म्हटलं गेलं होतं. उलट बाजूचा पुरावाही होता. फुप्फुसं निकामी होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या २७७ रुग्णांवर स्पेनमध्ये सोडत काढून डेक्साची चाचणी झाली होती आणि तीत मृत्यू कमी झाले होते. ती छापून आली फेब्रुवारी २०२० मध्ये, नेमकी साथीच्या तोंडावर. जुने कागद दोन्ही बाजूंनी बोलत होते. अशा वेळी प्रामाणिक मार्ग एकच उरतो, तपासून पाहणं. रिकव्हरीने तेच केलं.

१६ जून २०२० रोजी निकाल आला. डेक्सा दिलेले २१०४, न दिलेले ४३२१. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. व्हेंटिलेटरवरच्या दर आठ जणांना औषध दिलं की एकाचा जीव वाचत होता. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढाच उपचार. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २७ जूनला ते सूचनांत घेतलं. महिनाभरही लागला नाही.

त्याच तक्त्यात तिसरी ओळ होती, आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोचली. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात डेक्सा दिलेले १७.८ टक्के दगावले आणि न दिलेले १४ टक्के. आकडा पक्का म्हणता येण्याइतका नव्हता, पण फायदा नाही आणि तोटा असू शकतो हे दिसत होतं.

याचं कारण रोगाच्या चालीत आहे. पहिला आठवडा विषाणूचा असतो, तो अंगात वाढत असतो. दुसऱ्या आठवड्यात बऱ्याचदा विषाणू उतरणीला लागलेला असतो आणि शरीराचाच प्रतिकार पेटून फुप्फुसं जाळू लागतो. विषाणूवरचं औषध पहिल्या आठवड्यात, आग विझवणारं दुसऱ्यात. दुसऱ्या लाटेत कित्येक ठिकाणी नेमका उलटा क्रम लागला. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरीच स्टिरॉईडच्या गोळ्या, आणि रेमडेसिवीर माणूस व्हेंटिलेटरवर गेल्यावर.

त्याची किंमत मे २०२१ मध्ये दिसली. म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले. शुगर असलेला माणूस, त्यात स्टिरॉईड, त्याने शुगर आणखी वाढलेली, प्रतिकार दबलेला. नाकातून शिरलेली बुरशी जबडा आणि डोळ्यापर्यंत पोचायची. महाराष्ट्रात हजारो रुग्ण झाले, कित्येकांचे डोळे काढावे लागले. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या नेलेल्यांनाही हे भोगावं लागलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्यांनाही. जास्त डोस म्हणजे जास्त गुण, हा समजही पुढे रिकव्हरीनेच खोडून काढला. ऑक्सिजन लागणाऱ्या पण व्हेंटिलेटरपर्यंत न गेलेल्या रुग्णांना नेहमीपेक्षा मोठा डोस दिला, तेव्हा १२ टक्क्यांऐवजी १९ टक्के दगावले. हा निकाल २०२३ चा. त्या चाचणीत भारत, नेपाळ, व्हिएतनाममधलेही रुग्ण होते.

प्लाझ्मा : आपल्याच देशाने दिलेलं उत्तर

बरा झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा आजाऱ्याला द्यायचा, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. ती कधी चाललीही आहे. अर्जेंटिनातल्या एका रक्तस्रावी तापावर १९७९ मध्ये छापलेल्या चाचणीत प्लाझ्माने मृत्यू १६.५ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आणले होते. त्यामुळे कोरोनात तो करून पाहणं चूक नव्हतं. जून २०२० मध्ये राज्यात ‘प्लॅटिना’ नावाने मोठा प्रकल्पही सुरू झाला. फेसबुकवर रोज ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा पाहिजे’ असे मेसेज फिरू लागले.

आयसीएमआरने मात्र भारतातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर सोडत काढून तपासलं. आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्ही मिळून प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. ऑक्टोबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. जगातल्या पहिल्या चांगल्या उत्तरांपैकी एक भारताचं होतं, याचा अभिमान वाटायला हवा. आणि तरी राष्ट्रीय सूचनांतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ रोजी. मधले सात महिने नातेवाईक डोनर शोधत राहिले. उत्तर घरातच असून ते दारापर्यंत यायला सात महिने लागले, याला संशोधनाचा दोष म्हणता येणार नाही.

नापास औषध पुन्हा कामाला

सगळी जुनी औषधं फुकट गेली असंही नाही. संधिवाताचं टोसिलिझुमॅब गंभीर रुग्णांत मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आणतं, असं २०२१ मध्ये रिकव्हरीत दिसलं. ते महाग, आणि गरज पडेल त्याला मिळालं असं म्हणता येणार नाही.

लोपिनावीर-रिटोनावीर ही एड्सवरच्या औषधांची जोडी. सार्समध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांना तिचा गुण आल्यासारखा वाटला होता, म्हणून २०२० मध्ये ती यादीत आली. जयपूरला भरती झालेल्या इटालियन पर्यटकांनाही तीच दिली गेली. चीन, रिकव्हरी, सॉलिडॅरिटी, तिन्ही ठिकाणी तपासली आणि तिन्ही ठिकाणी नापास झाली. पण त्यातलं रिटोनावीर वाया गेलं नाही. दुसऱ्या औषधाला यकृतात लवकर मोडू न देण्याचा त्याचा गुण जुनाच माहीत होता. फायझर कंपनीने सार्सच्या वेळी कोरोना घराण्यावर मारा करणारा एक रेणू शोधून ठेवला होता. सार्स ओसरला आणि तो कपाटात पडून राहिला. २०२० मध्ये तो बाहेर काढून त्यात सुधारणा केली आणि जोडीला रिटोनावीर दिलं. तेच पॅक्सलोविड. लस न घेतलेल्या जोखमीच्या रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत दिलं, तर भरती आणि मृत्यू मिळून ८९ टक्क्यांनी कमी झाले. तो सतरा वर्षं कपाटात पडून राहिला नसता, तर २०२० च्या मार्चमध्येच कदाचित काहीतरी हाताशी असतं.

फ्लूच्या रुग्णाला स्टिरॉईड द्यावं की नाही, ज्या जुन्या नोंदींवरून २०२० मध्ये ‘नको’ म्हटलं गेलं, तो प्रश्न मात्र तसाच राहिला होता. पुढे रिकव्हरीच्या मंडळींनी तोच हाती घेतला : फ्लू झालेले रुग्ण, डेक्सा, आणि पुन्हा तीच सोडत.